यंत्रातलं शून्य

मानसिंगने नळी ओठांत धरली आणि हवालदार पुरे म्हणेपर्यंत फुंकत राहिला. यंत्र वाजून थांबलं. हवालदाराने ते उन्हातून बाजूला नेऊन, तळहाताचा आडोसा करून पाहिलं.

"शून्य," तो म्हणाला. "तुमचं काय न्हाय. ह्यो गडीच झिंगलेला हाय."

रस्त्याच्या कडेला बाभळीखाली जोतीराम पडला होता. उजवा पाय गुडघ्याखाली नको त्या बाजूला वळला होता. त्याला पाणी पाजायला वाकणारा प्रत्येक जण दारूच्या वासाने तोंड मागे घेत होता. त्याची मोटरसायकल मानसिंगच्या जीपच्या पुढच्या चाकात अडकली होती. अंथुर्णे गाव अगदी जवळ, त्यामुळे जमलेल्यांपैकी बहुतेक जण त्याला ओळखत होते.

"रोजचंच हाय त्येचं," कोणीतरी म्हणालं. "कवा ना कवा हे हुणारच हुतं."

मानसिंगची बायको सुकन्या अजून जीपमध्येच होती. ओरडताना तिने समोर टेकवलेले दोन्ही हात तसेच होते.

मागच्या वर्षी मानसिंग नाकाबंदीत सापडला होता. लायसन काही महिने जमा झालं, आणि त्याने दारू सोडली ती सोडलीच. पणदऱ्यात त्याची दूध डेअरी होती. तिथे दूध घालायला येणारी माणसं आपल्या पोरांना त्याचं उदाहरण देत. गांजाचं मात्र कोणाला माहीत नव्हतं. गांजाने त्याचा आवाज चढत नसे, पाय लटपटत नसत, आणि नाक्यावरच्या यंत्राला तो कळत नसे. उलट आपण जास्त सांभाळून गाडी चालवतो, असं त्याला मनापासून वाटे. त्या दिवशी इंदापूरला मेहुण्याच्या साखरपुड्यात कोणी पुढे केलेला ग्लास त्याने सगळ्यांदेखत हात जोडून नाकारला होता. नंतर गोठ्यामागे जाऊन एक विडी भरून ओढली होती.

जोतीराम त्याला लांबूनच दिसला होता. मोटरसायकल एकदा रस्त्याच्या मध्ये आली, कडेला गेली, पुन्हा मध्ये आली. अजून पुष्कळ अंतर आहे, असं मानसिंगला वाटलं. सुकन्या ओरडली, "अवं, ब्रेक!" तेही त्याला ऐकू आलं, पण दुसऱ्या कोणाला तरी सांगावं तसं. पाय ब्रेकवर गेला तेव्हा अंतर उरलं नव्हतं.

घरी सुकन्याने त्याला जेवायला वाढलं आणि समोर बसून राहिली.

"मशीनला कळलं न्हाय," ती म्हणाली. "मला इंदापूर सोडतानाच कळलं हुतं."

"मग बोलली का न्हाईस?"

तिने भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही.

"तुमी हळू चालवत हुता. म्हटलं, जाऊ दे."

चार-पाच दिवसांनी तो शहाळी घेऊन बारामतीच्या दवाखान्यात गेला. जोतीरामच्या पायाला वजन बांधलं होतं. त्याची बायको सारजा खाटेशी जमिनीवर बसली होती. मानसिंगला पाहताच ती उठली आणि पदर सावरून तिने हात जोडले.

"दादा, तुमच्या जीपचं लई नुसकान झालं. पर केस नका करू. ह्येंला शुद्ध असती तर हे झालंच नसतं."

"न्हाय न्हाय, केस कशाला," मानसिंग म्हणाला. शहाळी कुठे ठेवावीत ते त्याला सुचेना.

जोतीराम भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याने मान वळवली नाही.

"माजीच चूक हाय, दादा," तो म्हणाला. "मला काय आठवत न्हाय. पर माजीच असंल."

सारजा नवऱ्याच्या पाठीकडे पाहून बोलू लागली. किती वेळा सांगितलं, किती वेळा पाया पडले, देवापुढे शपथ घातली. शेजारच्या खाटेशी बसलेल्या बाईने मान हलवली. सारजाचं हे बोलणं तिने बरेचदा ऐकलेलं दिसत होतं. मानसिंग बाहेर आला. दवाखान्यामागे पाण्याच्या टाकीशी उभं राहून त्याने भरलेली विडी पेटवली.

तो जीपकडे आला तेव्हा सारजा पिशवी घेऊन फाटकात उभी होती. शेरडं शेजारणीकडे होती. आजची रात्र घरी राहून ती सकाळी परत येणार होती.

"बसा," मानसिंग म्हणाला. "अंथुर्ण्याला सोडतो."

"तुमाला उलटं पडंल की. तुमचं पणदरं तिकडं."

"असू द्या."

ती पुढच्या सीटवर बसली, पिशवी पायाशी ठेवली आणि सैलपणे मागे टेकली.

"मला गाडीवर बसायचं म्हंजी लई भ्या वाटतं, दादा. सारा जलम ह्येंच्या मागं जीव मुठीत धरून बसले. तुमी न पिणारं माणूस. तुमच्या गाडीत काय भ्या न्हाय."

किल्ली लावून झाली होती. मानसिंगचा हात किल्लीवर तसाच राहिला. समोर एक रिक्षावाला वाट मागत हॉर्न वाजवत होता. मानसिंगने किल्ली काढली.

"आपण यष्टीनं जाऊ," तो म्हणाला.

"का? गाडी बिघडली?"

"न्हाय."

इंदापूरच्या गाडीत दोघांना शेजारी जागा मिळाली. गाडी बारामतीबाहेर पडली, दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला. सारजाने थोडा वेळ वाट पाहिली आणि मग विचारलंच.

"जीप का सोडली, दादा?"

"मी गांजा वडलाय. मगाशी. टाकीमागं."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. डोळे, मग हात. पुढे कंडक्टर कोणाशी तरी सुट्या पैशांवरून वाद घालत होता.

"आजच?" तिने विचारलं. "का त्या दिशी बी?"

"त्या दिशी बी. मला त्येंची गाडी लांबनं दिसली हुती. थांबायला जागा हुती."

सारजा खिडकीकडे वळली. गाडी एका थांब्यावर थांबली, माणसं चढली, गाडी निघाली. तिने पदराने कपाळ पुसलं आणि पुन्हा तेच कपाळ पुसलं.

"मी माज्या माणसाला त्येनं डोळं उघडल्यापास्नं शिव्या देतीय," ती म्हणाली. "साऱ्या वार्डासमोर."

"त्यो पिलेला हुता, वहिनी. ते खरं हाय."

"व्हय. ते त्येचं. ते मी बघते."

सणसर आलं तशी ती उठली. मानसिंगने पाय आवळून तिला वाट दिली. तिचं गाव अजून पुढे होतं. दारापाशी जाऊन ती थांबली आणि वळून पाहू लागली. ती बोलावत नव्हती, नुसती पाहत होती. मानसिंग उठला आणि तिच्यामागे खाली उतरला.

ती रस्ता ओलांडून पलीकडच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली. तोही काही अंतर ठेवून उभा राहिला.

"शेरडं?" त्याने विचारलं.

"शेजारीण बघंल."

उसाचा एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत त्यांच्यासमोरून गेला.

"मला सांगितलं तसंच त्येंला सांगायचं," ती मग म्हणाली. "मोठ्यानं. शेजारच्या खाटंला ऐकू जाईल असं."

लांबून बारामतीची गाडी येताना दिसली. सारजाने हात केला.