नळाचा वास

पाणीखात्यात सगळे त्याला दादा म्हणत. शुद्धीकरण केंद्राला लागूनच घर, त्यामुळे त्याने सोडलेलं पाणी सगळ्यात आधी त्याच्याच स्वयंपाकघरात पोचायचं. बायको नळ सोडायची, नाक मुरडायची आणि लेकीला सांगायची, "आले गं तुझे बाबा कामावर!" क्लोरीनच्या बाबतीत दादाचा हात भलताच सढळ. लहानपणी धाकट्या भावाला हगवणीने जाताना त्याने पाहिलं होतं. म्हणून गाळ खाली बसायचीही वाट न बघता तो पाल्याकचऱ्याच्या पाण्यातच क्लोरीन सोडून निर्धास्त व्हायचा.

बायको मूत्राशयाच्या कॅन्सरने गेली. कशामुळे झाला, ते डॉक्टरांना सांगता आलं नाही.

पुढे केंद्रावर नव्या इंजिनिअरबाई आल्या. "दादा, आधी गाळ बसू द्या, मग क्लोरीन सोडा. कुजक्या पाल्यात क्लोरीन मिसळलं की नको ते पदार्थ तयार होतात. वर्षानुवर्षं पोटात गेले तर कॅन्सरचा धोका वाढू शकतो म्हणतात."

"कसला कॅन्सर?"

"मूत्राशयाचा. पण खात्रीने कुणीच सांगत नाही."

"इतकी वर्षं गावात कुणाचं पोट बिघडलं नाही माझ्या पाण्याने!" दादा बाईंवरच उखडला. पण घरी येऊन नळाखाली हात धरला आणि पाठीमागून आवाज आला, आले गं तुझे बाबा. तो गर्रकन वळला. कुणी नव्हतं. मग हे रोजचंच झालं. पद्धत बदलायची, तर बायकोच्या पेल्यात ते आपणच ओतलं असेल, हे मान्य करावं लागणार होतं. ते काही त्याच्या जिभेवर येईना.

लेक नातीला घेऊन राहायला आली. एका सकाळी दादा कामावरून घरी परतला, तर नात पेला भरून नाक मुरडत होती. "आले आजोबा कामावर!" आईकडून शिकलेली. म्हणाली आणि पेला गटागटा रिकामा केला.

दादा उंबऱ्यावरूनच माघारी फिरला. कच्च्या पाण्यात क्लोरीन सोडणारी जुनी झडप त्याने स्वतःच्या हाताने बंद केली, गाळ बसल्यानंतरच्या पाण्यावरची उघडली. शेवटच्या नळापर्यंत पुरेसं क्लोरीन पोचतंय ना, हे बाईंसोबत पुन्हा पुन्हा तपासत दिवसभर तिथेच राहिला.

संध्याकाळी नातीने नळ सोडला, पाणी हुंगलं.

"आजोबा, आज तुम्ही कामावर गेला नव्हता?"

"गेलो होतो गं," दादा म्हणाला. त्याने तिच्या हातातला पेला घेऊन नाकाशी धरला. वास होता, पण अगदी पुसट. नळ तसाच वाहू देऊन तो पाठमोरा उभा राहिला, कान देऊन. मागून कुणी काही म्हणालं नाही.