याडीचा उजवा पाय

मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत उंदरांना दुखवते. कामच ते आहे. पायाची शीर बांधायची, जखम भरू द्यायची, आणि मग बघायचं की जखम भरल्यावरही दुखणं मेंदूत कुठं दबा धरून बसतं. ज्वारीच्या दाण्याहून लहान जागा असते. औषधानं ती निजवली की उंदीर कोपरा सोडून बाहेर येतो.

सतरा नंबरचा उंदीर बाकी सगळ्यांसमोर दाणे खायचा. मी दार उघडलं की कोपऱ्यात थिजायचा. रोज त्याच्या पायाला टोचणारी मीच होते ना! त्याला जाऊन सहा महिने झाले, तरी कुठलंही दार उघडताना तोच आठवतो.

आमच्या तांड्यात आईला याडी म्हणतात. तीन वर्षांपूर्वी वसमतजवळच्या आमच्या वावरात बॉयलरच्या वाफेवर हळद शिजत होती. मोबाइलवर बोलता बोलता मी वाफेचा कॉक उघडला. समोर याडी उभी होती. तिचा उजवा पाय भाजला. कातडी वर्षभरात बरी झाली, दुखणं राहिलं. आणि मी दीडशहाणी तिला फोनवर म्हणाले, "आता ते सगळं तुझ्या मनाचं आहे, याडी."

या होळीला गेले ती माफी मागायचं ठरवूनच. तुझं दुखणं खरं आहे, हे तिला सांगायचं होतं.

वहिनी, शिवकन्या, दारातच भेटली. "मिनाताई, याडी परवापर्यंत वावरात हळद वेचून राहिली होती. तुमी येता म्हणून फोन आला, अन् पाय धरून बसली. दर बारीला असंच होतं." ती सहज बोलून गेली.

याडीनं मला जवळ ओढलं, तोंडावरून हात फिरवला. मी सगळं सांगितलं, सतरा नंबरचंही.

"मंग बरं झालं का ते लेकरू?" उंदराला ती लेकरू म्हणाली.

"नाही, याडी." शेवटी मेंदू कापून बघतात, हे माझ्याच्यानं बोलवलं नाही.

मी पाया पडायला वाकले. माझी बोटं अजून वीतभर लांब होती, तेवढ्यात तिचा उजवा पाय झटकन लुगड्याखाली गेला. आम्ही दोघींनीही ते पाहिलं.

"दुखलं?"

"न्हाई गं!" याडीनं घाईघाईनं माझा हात घट्ट धरला. "काहून रडून राहिली? ऱ्हा की चार दिवस."

पाय काही बाहेर आला नाही.

मी दुसऱ्या दिवशी सकाळीच निघाले. वसमतच्या स्टँडवर पोचले तोच वहिनीचा फोन आला. खुशीत होती बिचारी. म्हणाली, "याडी वावरात गेली, ताई. पाय बिलकूल दुखत न्हाई म्हणते."