बेचाळीस आवाज

पेनाच्या टोपणावर दातांच्या खुणा... आपल्याच, विभावरीच्या लक्षात आलं, आज सकाळपासूनच्या. समोर कागद. बाकी सगळ्या सह्या स्क्रीनवर उरकल्या होत्या, हा एक मात्र विकत घेणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या वकिलांना शाईने हवा होता : एआय मॉडेल शिकवायला वापरलेला प्रत्येक आवाज लेखी संमतीने घेतलेला आहे. खाली तिचं नाव. पाचपर्यंत.

प्रत्येक. इथले, आयर्लंडमधल्या लिमरिकचे चारशे आवाज, चारशे सह्या, ठीक. पण कॉर्कच्या गणपतीतले ते बेचाळीस — मुलांकडे तीन महिन्यांसाठी आलेले आईबाप, हॉलमागच्या खोलीत, एकेक करून, तिच्या फोनसमोर. बोलण्यावरून स्मृतिभ्रंश ओळखणारं मॉडेल. मराठी म्हातारी माणसं इथे आणखी कुठे सापडणार होती? आणि हातात प्रसाद घेतलेल्या माणसाला काका म्हणायचं नि पुढ्यात फॉर्म सरकवायचा? लाज वाटली होती. कोल्हापूरचे बाळासाहेबकाका तर हसलेच होते, "घे की गं बाई, आवाजाला काय जकात लागतीय व्हय!"

कंपनीचा मालक कॉनर दारातून डोकावला. "ग्रँड होईल गं सगळं. त्यांची वकीलबाई दहा फायली चाळेल नि घरी जाईल."

"आणि त्या दहांत माझ्या बेचाळीसांतली एखादी निघाली तर?"

"तर सही तुझी आहे," तो डोळा मिचकावून गेला.

थट्टाच. थट्टाच ना?... सही नाही तर सौदा नाही, सौदा नाही तर कंपनी बंद, आणि माझं इथे राहायचं-कामाचं परमिट या कंपनीच्या नावावर — हलकटांनो, विकताय तुम्ही आणि शपथ मी घ्यायची!

तिने हेडफोन लावला. काकांचं ते 'घे की' पुन्हा ऐकायचं होतं. तोंडी तर तोंडी, संमतीच ती. 'घे की' आलं, हसणं आलं, मग काका सांगत राहिले — भावाच्या तेराव्यालाही गेलो नाही, शेताच्या बांधावरून... मग नाक ओढल्याचा आवाज. आणि मग तिचाच, चार वर्षांपूर्वीचा, मऊ आवाज :

"काका, काळजी नका करू. हे माझ्यापाशीच राहील."

हे आपण म्हणालो होतो? कधी? तिला मुळीच आठवत नव्हतं.

पाचला वीस मिनिटं. भीती तशीच होती, फक्त आता ती वकिलांची राहिली नव्हती. टोपण दातांत धरून तिने रेकॉर्डिंग थोडं मागे नेलं... आणि ते वाक्य पुन्हा यायची वाट बघत बसली.