अर्थची पट्टी

"पाय काढ. नुसती चालू राहू दे," गोणपाटाखालून बुधाजी म्हणाला.

भर दुपारी डॅशबोर्डचे दिवे नीट दिसत नाहीत, म्हणून त्याने डोक्यावरून गोणपाट ओढून घेतलं होतं. टॅक्सीवाल्या हरेश्वरने अॅक्सिलेटरवरचा पाय उचलला. इंजिन मंदावलं आणि काट्यांमागचे चारही छोटे दिवे थरथरायला लागले.

"आता दाब."

दिवे स्थिर झाले.

"सोड."

पुन्हा थरथर.

"मिस्त्री, पायपेटी वाजवून घेताव काय माझ्याकडून?"

"गप रे. गाडीला बोलू दे."

घोडपदेवच्या उतारावर, गोदामाच्या भिंतीला टेकवलेल्या पत्र्याखाली बुधाजीचं दुकान होतं. एक गाडी आत शिरली की माणसाने तिरकं होऊन बाहेर यायचं, एवढंच. लढाईच्या काळात लष्करी वर्कशॉपमध्ये तो वायरिंग शिकला आणि तेव्हापासून टॅक्सीवाल्यांचे दिवे, भोंगे आणि डायनामो हेच त्याचं जग झालं. गाडीच्या मालकाचं तो नंतर ऐकायचा, गाडीचं आधी.

बल्ब चांगले होते, होल्डर घट्ट होते, स्विचही ठीक होता. म्हणजे दोष दिव्यांत नव्हताच. इंजिन जोरात फिरतं तेव्हा डायनामो सगळ्यांना वीज पुरवतो. ते मंदावलं की डायनामो हात वर करतो आणि सगळा भार बॅटरीवर येतो. दिवे नेमके तेव्हाच थरथरत होते. बॅटरीची वाट कुठेतरी कच्ची होती.

"खरंच विकतोस गाडी?" बॅटरीकडे वळत बुधाजीने विचारलं.

"गिऱ्हाईक आलंय. दिवे नीट करून दे म्हनतो. कॉटन ग्रीनला गोदामावर वॉचमन घेतायत, तिथं चिकटतो."

"तुझ्यासारखा ड्रायव्हर दांडका घेऊन बसणार?"

"मी कसला ड्रायव्हर, मिस्त्री? सख्ख्या भावाला इस्पितळात पोचवता नाय आलं."

हरेश्वरचा धाकटा भाऊ रघू अडीच वर्षांपूर्वी, छप्पनच्या जानेवारीत, संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात लालबागला झालेल्या गोळीबारात गेला. ते बुधाजीला ठाऊक होतं. तेराव्यालाही तो जाऊन आला होता.

"गोळी लागली, त्याला तू काय करणार?"

"गोळी मांडीत होती. मी टॅक्सी घेऊन धावलो. परळच्या अलीकडं ही गर्दी. गाडी हळू केली नि बंद पडली. सेल्फ मारला, चूं नाय की चां नाय. पुढून हँडल मारलं, तरी नाय. मग लोकांनी हातगाडीवर घातला त्याला. डॉक्टर म्हनले, पाव तास आधी आनला असता तर..." त्याने स्टिअरिंगवरची धूळ बोटाने पुसली. "दुसऱ्या दिवशी गाडी ढकलत नेत होतो, खड्ड्यात आपटली. सेल्फ मारून बघितला, तर एका दाबात लागली. सगळ्यांसमोर. मग लोक काय म्हननार? हा घाबरला, चोक जास्त ओढला. आयेनं पन तेच धरलं. मला वाढायची, माझं धुणं धुवायची. बोलली मातूर नाय. गेल्या आखाडात गेली, तेव्हा पन नाय."

बुधाजीचा हात बॅटरीच्या मागे, खालच्या अंगाला पोचला होता. तिथे तांब्याच्या तारांची एक विणलेली पट्टी असते. बॅटरीचं एक टोक ती गाडीच्या लोखंडाला जोडते. अर्थची पट्टी. त्याने ती दोन बोटांत धरली आणि जराशी हलवली.

दिवे विझले. इंजिन गप्प झालं.

हरेश्वरने सेल्फ दाबला. आवाज नाही. परत दाबला. मग तो सीटवर तसाच ताठ बसून राहिला.

"असंच," तो म्हणाला. "मिस्त्री, अगदी असंच झालं होतं."

पट्टीखाली हिरवा गंज धरला होता. एका धक्क्याला चिकटली की महिनोन्महिने चालायची, दुसऱ्या धक्क्याला सुटायची. ठिणगीलाच वीज मिळत नाही, म्हणून अशी गाडी हँडल मारूनही लागत नाही. हे बुधाजीला एका क्षणात कळलं, आणि त्याच क्षणी दुसरंही एक कळलं. बोल्ट आवळायचा, दिवे दाखवायचे, गाडी द्यायची. कोणाला काही कळलंही नसतं.

तो गोणपाटावर खाली बसला.

"हरेश्वर, आदल्या संध्याकाळी तू माझ्याकडे आला होतास. हेच दिवे घेऊन."

"मी?"

"दंगल वाढत होती. फळ्या लावायची घाई होती मला. मी डॅशबोर्डचा स्विच घासला, दिवे लागले आणि तुला म्हटलं, जा. उभ्या गाडीत थरथरतात, पळत्या गाडीत नाही, हे तू सांगितलं होतंस. तेवढ्यावरून मला कळायला हवं होतं. मी इथे हातच घातला नाही."

"मला नाय आठवत."

"मला आठवतंय. तुझ्या चोकने काही झालं नाही. तुझ्या हाताने काही झालं नाही. माझ्या हातून झालं."

रस्त्यावरून बर्फाची हातगाडी खडखडत गेली. हरेश्वरने वळून तिच्याकडे पाहिलं.

"हे आयेला सांगायला पायजे होतं," तो म्हणाला.

"हो."

"तुमाला आता काय बोलू मी? लावा ती पट्टी."

बुधाजीने पट्टी सोडवली. काचकागदाने घासून घासून तिच्याखालचं तांबं लाल केलं, चेसिसवरचं लोखंड पांढरं केलं. बोल्ट दोनदा निसटला. मग त्याने तो पुरता आवळला आणि बाजूला झाला.

"मार."

हरेश्वरने सेल्फ दाबला. गाडी लागली. काट्यांमागचे दिवे जराही हलले नाहीत. त्याने चावी फिरवून गाडी बंद केली. परत सेल्फ दाबला. लागली. बंद केली. परत दाबला.

समोरच्या पानवाल्याने मान बाहेर काढून पाहिलं. हरेश्वरच्या चेहऱ्यावरून पाणी ओघळत होतं. पुसायला हात मोकळा नव्हता. एक चावीवर होता, एक सेल्फच्या बटणावर. गाडी दर वेळी पहिल्या दाबात लागत होती.

पाना हातात धरून बुधाजी उभा राहिला. बस कर, असं तो म्हणाला नाही.