तोंड माननीयांचं, पाठ अयोकाच्या आईची

मित्रांनो, मी एक जुनं, विटलेलं कापड आहे. माझ्यावर मधोमध एका माणसाचं हसरं तोंड छापलेलं आहे. पहिल्याच धुण्यात त्याचं हसू गेलं, दात तेवढे राहिले. त्या तोंडाच्या बाजूला एक कंदील आहे आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे, ‘पूल हा माझा शब्द’. शब्द अजून वाचता येतो. रंग पक्का होता.

माझा जन्म नायजेरियात, लेगॉस शहरातल्या एका छापखान्यात झाला. माझ्यासारखी ठाणच्या ठाणं तिथे रोज निघत. कुणावर मासे, कुणावर फुलं, कुणावर चर्चचं नाव. माझ्या नशिबी माननीय अडेलेके आले. ते तेव्हा कंदील पक्षाकडून निवडणुकीला उभे होते. ट्रकमध्ये तांदळाच्या पिशव्यांवर बसून मी ओके-ओसान नावाच्या गावी आले आणि सिदिकतच्या हाती पडले.

सिदिकतला नावाने हाक मारणारं गावात कुणी नाही. सगळे तिला अयोकाची आई म्हणतात. ती बाजाराच्या तोंडाशी चवळीचे वडे तळते. आम्ही त्यांना अकारा म्हणतो. अयोका तेव्हा दोन वर्षांची होती. सिदिकतने मला कमरेला गुंडाळलं, गावातल्या सगळ्या बायकांनी माझ्या बहिणींना गुंडाळलं, आणि त्या सभेत नाचल्या. आमच्याकडे लग्नात, मयतीत एका घरची माणसं एकच कापड नेसतात. एक कापड म्हणजे एक घर. त्यामुळे त्या दिवशी बायकांना खरंच वाटलं की माननीय आपल्या घरचे झाले.

ते निवडून आले. त्यांचं तोंड ओके-ओसानला पुन्हा दिसलं ते फक्त माझ्यावर.

मग मी माझ्या खऱ्या कामाला लागले. आमच्याकडे लेकरू पाठीवर असतं. आई वाकते, लेकराला पाठीवर घेते, वरून कापड ओढते आणि छातीशी गाठ मारते. चुलीपाशी, बाजारात, विहिरीवर मी अयोकाला धरून असे. ती माननीयांच्या नाकावर गाल टेकून झोपायची, लाळ गाळायची. मी फार सुखात होते. माननीयांच्या मुदतीची चार वर्षं मी अयोकाच्या वजनात मोजली. आधी ती चवळीच्या पिशवीएवढी होती, मग पाण्याच्या घागरीएवढी झाली, आणि सहाव्या वर्षी तिचे पाय आईच्या गुडघ्यांशी लोंबू लागले.

आता पुलाचं सांगते. आमच्या गावाच्या आणि शाळेच्या मध्ये तांबड्या पाण्याचा एक ओढा आहे. उन्हाळ्यात कोंबडीही तो ओलांडते. पण शाळा सुरू होते ती सप्टेंबरात, आणि तेव्हा पाणी बाईच्या कमरेच्या वर असतं. सिदिकतची स्वतःची शाळा याच ओढ्याने तिसरीत संपवली होती. म्हणून अयोका पहिलीत गेली तेव्हा तिने ठरवलं की हिला मी नेणार. रोज सकाळी ती अयोकाला पाठीवर घ्यायची, मला खांद्यांशी उंच बांधायची आणि पाण्यात उतरायची.

पण त्या वर्षी तिला पुन्हा दिवस गेले होते. सुईण म्हणाली, “अयोकाच्या आई, एवढं ओझं पाठीवर घेऊन पाण्यात उतरायचं नाही. घसरलीस तर तिन्ही जीव जातील.”

सासू म्हणाली, “राहू दे एक वर्ष घरी. शाळा काय पळून जाते?”

“मी पण एकच वर्ष राहिले होते, आई,” सिदिकत म्हणाली आणि वड्याचं पीठ फेटत राहिली.

त्याच सुमारास पुन्हा निवडणूक आली. कंदीलवाल्यांनी या वेळी तिकीट दुसऱ्याला दिलं, तेव्हा माननीय अडेलेके होडी पक्षात गेले. वड्यांच्या कढईभोवती सकाळी बरीच चर्चा झाली.

“पूल मागितला होता, यांनी होडी आणली,” मोटरसायकलवर भाडी मारणारा बयो म्हणाला.

“नशीब समज. पुढच्या खेपेला पोहायला शिकवतील.”

“अरे, पक्ष म्हणजे काय, एकाच घरातल्या खोल्या. या खोलीत डास झाले की त्या खोलीत झोपायचं. आपण आपले ओसरीवर.”

“तुम्ही मत देणार की नाही ते बोला,” सिदिकत म्हणाली.

“आधी वडा दे. उपाशी पोटी खोटं बोलवत नाही.”

सगळे हसले. सिदिकतही हसली, पण तिचं लक्ष आभाळाकडे होतं.

दुसऱ्या दिवशी पाणी बरंच चढलं होतं. तरी तिने अयोकाला बांधलं. मधोमध तिचा पाय एका दगडावरून सरकला. माझी गाठ ताणली, मी दोघींना धरून ठेवलं. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की मी फार जुनी झाले आहे. ती पलीकडे पोचली, क्षणभर गवतावर बसली, पोटावर हात ठेवला आणि उठून शाळेकडे चालू लागली.

शाळेला कुलूप होतं. मैदानात मांडव होता. होडी पक्षाची सभा होती, म्हणून पोरांना सुट्टी.

फाटकावर टोप्या घातलेली पक्षाची पोरं उभी होती. एकाने हात आडवा केला. “ओ आई, हे कापड आत चालायचं नाही. हे कंदीलवाल्यांचं आहे.”

“तोंड कुणाचं आहे ते बघ की,” सिदिकत म्हणाली.

त्याने वाकून पाहिलं. “तोंड आमचंच आहे. पण कंदील त्यांचा.”

“मग तोंड आत जाऊ दे, कंदील बाहेर ठेवते.”

मागून ओढा उतरून आलेल्या गावच्या बायका खुदकन हसल्या. पोरगा गोंधळला. दुसऱ्याला विचारू लागला, तिसरा म्हणाला की कापड जप्त करा. “माननीयांना जप्त करणार?” कुणीतरी विचारलं. तेवढ्यात इयालोजा अबेनी पुढे आल्या. इयालोजा म्हणजे बाजाराची आई. बाजार कधी उघडेल, कधी बंद राहील, कुठल्या लग्नाला बायकांनी कोणतं कापड नेसायचं, हे त्या सांगतात. त्यांनी सिदिकतचा हात धरला आणि तिला थेट मांडवापर्यंत नेलं. मला अडवायची कुणाची हिंमत झाली नाही.

सिदिकत रीतीप्रमाणे गुडघ्यांवर बसली. तिच्या अंगातून पाणी निथळत होतं. पाठीवरून अयोका माननीयांकडे टकामका बघत होती. एकदा माझ्यावरच्या तोंडाकडे, एकदा खऱ्या तोंडाकडे.

“माननीय, तुम्ही आमच्या घरचे आहात, म्हणून बोलते,” सिदिकत म्हणाली. “चार वर्षं तुम्ही माझ्या पाठीवर होतात. मी कधी तक्रार केली नाही. पण आता पोटातही एक आहे. दोघांना घेऊन मला ओढा उतरता येत नाही. तुम्ही तरी खाली उतरा, नाहीतर पूल तरी बांधा.”

मांडवात मागच्या रांगांतून हसणं सुरू झालं आणि पुढे पुढे येत गेलं. माननीयही हसले. दुसरं करणार काय, सगळ्यांचे फोन त्यांच्याकडे वळलेले होते.

“आई, मोठं काम आहे ते. निवडणूक होऊ द्या, पहिलं काम तुमचं.”

तेव्हा इयालोजा बोलल्या. “अडेलेके, तुझी आई माझ्या शेजारी मिरच्या विकायची, म्हणून तुला अरे म्हणते. तू आज गाडीभर होडीची कापडं आणली आहेस. ती परत ने. ओके-ओसानच्या बायका अजून जुनंच कापड नेसतात, कारण त्याच्यावरचं काम अजून झालेलं नाही. लोकांना पाय ठेवायला जागा होईल, तेव्हा आम्ही दुसरं कापड बघू.”

मित्रांनो, ज्या सभेत बायका नेत्याचं कापड नेसत नाहीत, नाचत नाहीत, ती सभा आमच्याकडे मयतीसारखी दिसते. माननीय ते जाणून होते. पांढरा घोळदार झगा सांभाळत ते ओढ्यापर्यंत चालत आले. मागच्या निवडणुकीतही ते पक्क्या रस्त्याने शाळेपर्यंतच आले होते. असा भरलेला ओढा त्यांनी पहिल्यांदाच जवळून पाहिला. झग्याचा घोळ उचलून त्यांनी एक पाय पाण्यात घातला आणि लगेच मागे घेतला.

त्याच आठवड्यात जाड फळ्यांनी भरलेला ट्रक आला, सुतार आले. एका बाजूला दोर बांधलेला लाकडी पूल झाला. त्यावर होडीचं चित्र रंगवायला ते विसरले नाहीत. “रंगाने फळी कुजत नाही,” इयालोजा म्हणाल्या, “राहू दे.” हा काही शब्द दिलेला पूल नव्हे. दोन पावसाळे टिकला तरी खूप. बायकांनी होडीचं कापड घेतलं नाही, आणि मत कुणाला दिलं ते मलाही सांगितलं नाही.

आता माझी अवस्था ऐका. माझ्या काठाचे धागे निघालेत, एका कोपऱ्याला तेलाचा डाग आहे, माननीयांचा एक डोळा झिजून गेला आहे. पुढे माझ्या चिंध्या होतील, कढई पुसायला जातील. त्याचं मला दुःख नाही. येणाऱ्या बाळाला एकदा धरता आलं तर पुरे. पण मित्रांनो, उद्या तुमच्याही हाती कुणी छापील कापड देईल, टोपी देईल. आनंदाने घ्या. मात्र त्यावरचं तोंड बघून नाचू नका. खाली काय लिहिलंय ते वाचा, आणि रंग उडाला तरी ते वाचत राहा. नेत्याला विचारणं म्हणजे भांडण नव्हे. ज्याला आपल्या घरचा मानलं, त्यालाच घरची माणसं विचारतात.

पूल झाला त्या सोमवारी सकाळी सिदिकत सवयीने वाकली, मला पाठीवर ओढायला. अयोका दप्तर घेऊन उभी होती.

“कशाला, आई?” ती म्हणाली. “मी चालत जाते.”

सिदिकतने मला अंगणातल्या दोरीवर टाकलं आणि लेकीबरोबर ओढ्याकडे गेली. दोरीवरून मला फक्त ऐकू येत होतं. खाली पाणी वाहत होतं आणि वरून फळ्यांवर दोन लहान पावलं टपटप करत पलीकडे चालली होती.