अँड्र्यू मॅकिल्वीनचं गाव

चंद्रहासने आधी बाहेरचे हातमोजे काढले, मग गॉगल, मग टोपी. आयर्लंडमधल्या कॉर्कजवळ, रिंगास्किडीच्या औषध कारखान्यात जंतुविरहित खोलीतून बाहेर येताना कपडे उतरवायचा क्रम ठरलेला असतो, आणि तो चुकला तर फॉर्म भरावा लागतो. काचेच्या दारापलीकडे त्याचा सहकारी रणजित उभा होता.

"सर, जरा लवकर या. लॉकरमधला तुमचा फोन सारखा वाजतोय."

चंद्रहासने तरीही क्रम मोडला नाही. झगा, बुटांवरची आवरणं, आतले हातमोजे. आठ मिनिटं लागली. फोन आत न्यायची परवानगी नव्हती, तो लॉकरमध्ये होता. त्यावर अकरा मिस्ड कॉल दिसले. दहा कुठल्यातरी अनोळखी नंबरचे. पहिला त्याच्या बायकोचा, उल्काचा, दोन वाजून चाळीस मिनिटांचा, आणि सोबत तिचा आवाजी निरोप.

"अरे चंदू, सापडला! युअर मॅन सापडला! पण... नाही, फोनवर नको. घरी आले की बोलू. तुझ्याशी बोलल्याशिवाय मी कुणाला काही सांगत नाहीये."

अनोळखी नंबर देशाच्या उत्तर टोकाला, डोनेगलमधल्या एका चर्चच्या मिसेस पॅटनचा होता. उल्का फोन करायला बाहेर ओसरीत गेली, बाकावर बसली आणि तिथेच कलंडली, असं त्या म्हणाल्या. मेंदूत रक्तस्राव झाला होता. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा फार उशीर झालेला होता. हे सप्टेंबर २०१७ मधलं.

युअर मॅन म्हणजे अँड्र्यू मॅकिल्वीन. वीस वर्षं कॉर्कमध्ये राहून उल्काला कुठल्याही बाप्याला इथल्यासारखं 'युअर मॅन' म्हणायची सवय लागली होती. हा अँड्र्यू त्यांच्या जावयाचा सहा-सात पिढ्यांमागचा पूर्वज. जातीने स्कॉटिश, राहणार आयर्लंडच्या उत्तर भागातला, धंद्याने विणकर. १७४१ साली जहाजाने पेनसिल्व्हेनियाला गेला, १७४४ साली तिथे मेरी नावाच्या मुलीशी लग्न केलं, अकरा मुलं झाली. एवढं जावयाच्या घरच्या जुन्या बायबलमध्ये लिहिलेलं होतं. तो कुठल्या गावचा, हे मात्र लिहिलेलं नव्हतं.

"मूळ गाव माहीत नाही म्हणजे काय?" मुलीच्या, म्हणजे पूर्वीच्या, लग्नात उल्का विहीणबाईंना, मार्गरेटना, म्हणाली होती. "आम्ही आयर्लंडमध्येच राहतो. मी शोधून देते."

तिला वाटलं होतं, दोन-तीन शनिवारांचं काम आहे. निघाली ती चार वर्षांची डोकेदुखी. डब्लिनचा सरकारी दफ्तरखाना १९२२ साली जळाला, त्यात निम्म्या देशाचे कागद गेले. उरलेल्या बहुतेक चर्चांच्या जन्मनोंदी अठराशेच्या पुढे सुरू होत होत्या. शेवटी उल्काला डोनेगलच्या एका खेड्यातल्या चर्चची वही कळली. चर्चच्या पंचांच्या बैठकांची वही, १७३८ ते १७५२. त्या वेळच्या पाद्रीने ती स्वतःच्या घरी ठेवली, म्हणून वाचली. गुरुवारी दोन ते चार उघडी, फोटो काढायला मनाई. तिने चंद्रहासला सोबत चल म्हटलं होतं.

"कारखान्याचं शटडाउन आहे, वर्षाची दुरुस्ती, रजा मिळायची नाही. पुढच्या महिन्यात जाऊ," तो म्हणाला होता.

ती बसने एकटीच गेली. तिची टिपणवही तिथल्या टेबलावर उघडी सापडली. वर तारीख होती, खाली काहीच नव्हतं.

नंतरच्या पावणेदोन वर्षांत चंद्रहास सहा वेळा डोनेगलला गेला. प्रत्येक वेळी सहा तास गाडी हाकायची, दोन तास वही बघायची, रिकाम्या हाताने परत यायचं. त्याची पद्धत पक्की होती. वहीच्या समासात चिटणिसाने ज्याचं प्रकरण त्याचं नाव लिहिलेलं होतं. चंद्रहास समासावरून बोट फिरवी आणि मॅकिल्वीन दिसला की थांबे. एक जॉन मॅकिल्वीन दारू पिऊन प्रार्थनेला आला म्हणून उभा केलेला. एका विल्यमने शेजाऱ्याचं तागाचं कापड वाळवणावरून उचललं. अँड्र्यू नाही. समास संपला की तो पुन्हा पहिल्या पानावर जाई.

नावं शोधायची ही रीत त्याला घरातूनच आली होती. लिमयांचा कुलवृत्तांत त्याच्या वडिलांनी दोन वर्षं खपून काढला होता, आणि पुण्याहून येताना चंद्रहासने तो सामानात घालून आणला होता. त्यात मूळ पुरुषापासून सरळ खाली येता येई. बाप, मुलगा, नातू. उल्का त्या पुस्तकावरून त्याला फार चिडवायची.

"तुझ्या ह्या ग्रंथात मी एक कंस आहे. कंसात माहेर पेंडसे. आणि पूर्वीला तर कंससुद्धा नाही, 'कन्या एक' म्हणून सोडून दिलंय."

"पुढच्या आवृत्तीत घालतील."

"घालतील हो. तोवर मी कंसातच बसते."

मार्गरेटबाईंचे निरोप दर महिन्याला येत. आधी त्या सांत्वनाने सुरुवात करत, मग हळूच दगडाकडे वळत. जुलै २०१९ मध्ये सगळे मॅकिल्वीन पेनसिल्व्हेनियात जमणार होते आणि अँड्र्यू-मेरीच्या नावाचा दगड बसवणार होते. गावाच्या नावापुरती जागा कोरी ठेवली होती. मार्गरेटबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. उल्काला सापडलं होतं म्हणता, मग तुम्हाला का सापडत नाही, असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. चंद्रहास स्वतःला तेच म्हणत होता.

पूर्वीला बापाचं मराठी सगळं समजे, पण ती कॉर्कचं इंग्रजी मिसळून उत्तर देई.

"बाबा, लीव्ह इट. दगडावर नुसतं आयर्लंड लिहिलं तरी ग्रँड."

"तुझ्या आईला सापडलं होतं."

"आय नो. पण तुमचं काय चाललंय? यू'र नॉट ईव्हन ईटिंग."

"जेवतोय मी. आमटी-भात केलाय," चंद्रहास म्हणाला आणि फोन ठेवला. आमटी केलेली नव्हती.

मेच्या शेवटच्या गुरुवारी तो सातव्यांदा गेला. मिसेस पॅटननी वही उशीवर ठेवून त्याच्यासमोर सरकवली. सत्तरीच्या बाई, अंगावर कायम तोच हिरवा स्वेटर.

"बाहेर पाऊस आणि आत तुम्ही," त्या म्हणाल्या. "दोन्हीपैकी एक जरी चुकलं तर मला काळजी वाटेल."

चंद्रहास हसला नाही. त्याने समासावर बोट ठेवलं. तीन वाजून पाच मिनिटांनी तो शेवटच्या पानाला पोचला आणि त्याने वही मिटली, जरा जोरात.

"अहो, पावणेतीनशे वर्षांची आहे ती," मिसेस पॅटन म्हणाल्या.

"ह्यात नाहीच आहे तो! तिला तासाभरात दिसला आणि मी सात वेळा येऊन आंधळा. काय दिसलं तिला? काही बोलली का तुमच्याशी?"

"बोलली की."

चंद्रहासने मान वर केली. "मग मला कधी सांगितलं नाहीत?"

"तुम्ही कधी विचारलंत? तुम्ही येता, मान खाली घालता, मॅकिल्वीन मॅकिल्वीन करता आणि रागावून जाता. मला वाटलं, ह्या माणसाला कुणी बोललेलं नको असेल." त्यांनी चष्मा काढून स्वेटरला पुसला. "तिने मला एवढंच विचारलं, की त्या काळी नवरा परत आला नाही तर बाईने किती वर्षं वाट बघायची. मी म्हटलं, मला ठाऊक नाही. मग ती फोन करायला बाहेर गेली. मला वाटलं, तुमच्याकडच्या कुठल्या रीतीवरून विचारत असेल."

"कुठली बाई?"

"ते नाही सांगितलं तिने. पण त्या काळी इथे लग्न झालं तरी बायका बापाचंच आडनाव लावायच्या. स्कॉटलंडची पद्धत. मॅकिल्वीनची बायको तुम्हाला मॅकिल्वीन म्हणून सापडायची नाही."

चंद्रहासने वही पुन्हा उघडली. ह्या वेळी त्याने समासातली बायकांची नावं घेतली. आजवर त्याचं बोट ज्यांच्यावरून न थांबता गेलं होतं, तीच नावं. जीन, मार्था, इसोबेल. कुणाची विहिरीवर भांडणं, कुणाला दिवस गेलेले. एकेक प्रकरण तो पूर्ण वाचत गेला. पावणेचारला एकसष्टाव्या पानावर तो थांबला. समासात नाव होतं अ‍ॅग्नेस बॉयड. तारीख मार्च १७५०.

ड्रमनाशीची अ‍ॅग्नेस बॉयड सभेपुढे हजर. नवरा अँड्र्यू मॅकिल्वीन, विणकर, याला पेनसिल्व्हेनियास जाऊन नऊ वर्षं होत आली. बोलावून घेईन असं सांगून गेला. पहिली दोन वर्षं निरोप आले, नंतर नाही. मुलगी अकरा वर्षांची. आपण स्वतःला सवाष्ण म्हणावं की विधवा, हे सभेने सांगावं अशी तिची विनंती. पुढील बैठकीपर्यंत तहकूब.

सवाष्ण असा शब्द तिथे अर्थातच नव्हता. तो चंद्रहासने मनात घातला होता. त्याने पुढची बैठक वाचली, त्यापुढची वाचली, मग वहीच्या शेवटापर्यंत प्रत्येक ओळ वाचली. अ‍ॅग्नेसचं नाव पुन्हा आलं नव्हतं.

"सापडला?" मिसेस पॅटननी विचारलं. त्यांच्या हातात किल्ल्या होत्या, पण त्या वाजवत नव्हत्या.

"गाव सापडलं," चंद्रहास म्हणाला. "ड्रमनाशी."

"ते काय, त्या टेकडीमागे. आता तिथे एकच घर आहे."

तो ड्रमनाशीला गेला नाही. गाडीत बसून त्याने मार्गरेटबाईंना फोन लावला आणि गावाचं स्पेलिंग एकेक अक्षर करून सांगितलं. त्या पलीकडे लिहून घेत होत्या, आणि मध्येच त्यांना रडू फुटलं.

"उल्काला कळायला हवं होतं."

"तिला कळलं होतं."

"आणि आमची मेरी? तीही तिथलीच होती का? दोघं लहानपणापासूनची ओळखीची असतील, असं मला नेहमी वाटतं."

चंद्रहासने काच खाली केली. पाऊस थांबला होता, रस्त्याकडेच्या कुंपणात मेंढ्या उभ्या होत्या.

"मेरीचं काही मिळालं नाही," तो म्हणाला.

पूर्वीचा फोन तो वाटेतल्या स्लायगो शहराच्या अलीकडे असताना आला. सासूने तिला सांगितलं होतं. ती आधी आनंदाने बरंच बोलली, मग तिने विचारलं, "बट देन व्हाय? आई फोनवर नको का म्हणाली होती? इट्स ओन्ली अ व्हिलेज."

"आवाज कटत असेल. तिकडे रेंज नसते."

"बाबा."

"गाडी चालवतोय गं. घरी गेलो की करतो."

घरी पोचल्यावर त्याने तिला फोन केला नाही. सोयरिकीतली गोष्ट होती. असं काही आलं की दोघं आधी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसायची. उल्का बोलायची, तो नाही नाही म्हणायचा, आणि शेवटी ती म्हणेल तसं व्हायचं. मेरीशी लग्न लागलं तेव्हा इकडे वाट बघत असलेल्या अ‍ॅग्नेसचं सांगायचं की झाकून ठेवायचं, ह्यावर उल्का काय म्हणाली असती, हे त्याला नक्की ठरवता येईना. दोन्ही बाजूंनी ती त्याला बोलताना ऐकू येत होती.

जुलैत दगड बसला. पूर्वीने फोटो पाठवला. त्यावर अँड्र्यू आहे, मेरी आहे, अकरा मुलांची नावं आहेत, ड्रमनाशी आहे. मार्गरेटबाईंना अ‍ॅग्नेसचं सांगायचं राहिलं आहे.