तात्यांचा न सांडणारा पेला

उमाच्या घरी रोज सकाळी दूध सांडायचे आणि ते पुसायचे काम उमाचेच असे. साताऱ्याच्या शनिवार पेठेतल्या त्या घरात सांडणारे दोघे होते, पुसणारी ती एकटी. धाकटी विनी दीड वर्षाची. तिचे सांडणे समजण्यासारखे होते. पेला दोन्ही हातांनी धरून ती तोंडाशी न्यायची, तेवढ्यात कुठे कावळा ओरडला की मानेबरोबर पेलाही तिकडे वळवायची. थोरला मधु मात्र चार वर्षांचा, शहाणा आणि व्यवस्थित मुलगा. बाहेर काढलेल्या वहाणा जोडीने लावून ठेवणारा. पण दुधाचा पेला हातात आला की त्याच्याकडून तो कलंडायचाच.

उमाने यावर फारसा विचार केला नव्हता. लहान मुले सांडायचीच, असे तिचे सरळ मत होते. फार झाले की ती मधुच्या पाठीत एक धपाटा घालायची आणि फडके घेऊन खाली बसायची. हे असेच चालू राहिले असते. पण शेहेचाळीस सालच्या उन्हाळ्यात एका लग्नाला निघालेले तिचे सासरे, तात्या, कडक इस्त्रीचे धोतर नेसून झोपाळ्यावर टेकले, आणि शेजारी बसलेल्या मधुचा पेला त्यांच्या मांडीवर उपडा झाला.

तात्या निवृत्त मामलेदार. सगळी नोकरी पंचनामे आणि चौकशा करण्यात गेलेली. घरी बसल्यापासून चौकशी करावी असे काही हाताला लागत नव्हते, त्यामुळे ते जरा सुकल्यासारखे झाले होते. त्या दिवशी त्यांनी धोतर बदलले, लग्नाला जाऊन जेवून आले, आणि झोपाळ्यावर बसून जाहीर केले की दोष मुलाचा नाही, भांड्याचा आहे. लहान मुलाच्या हातून सांडणार नाही असा पेला शोधून काढला पाहिजे, आणि तो रीतसर शोधला पाहिजे.

त्या दिवसांत विलायतेहून तीन मंत्री दिल्लीला येऊन राहिले होते आणि हिंदुस्थानचे पुढे काय करायचे यावर बैठकांमागून बैठका घेत होते. तात्या ते रोज वर्तमानपत्रात वाचत. तीन माणसे जर एवढ्या देशाला पुरतात, तर एका पेल्याला तीन पुरायला हरकत नाही, असा हिशेब करून त्यांनी समिती नेमली. अध्यक्ष स्वतः तात्या. चिटणीस त्यांचा मुलगा शरच्चंद्र, म्हणजे उमाचा नवरा. तो हायस्कुलात भूमिती शिकवी आणि वडिलांपुढे कधी तोंड उघडत नसे, म्हणून चिटणीस होण्यास सर्व बाजूंनी योग्य. तिसरे सुभेदार नानासो. कृष्णाकाठी त्यांचा ऊस होता. पलटणीतून ते नुकतेच पेन्शनीत आले होते. जगातली निरनिराळी भांडी त्यांनी पाहिली आहेत, एवढ्यावर त्यांची निवड झाली.

उमाने हळूच सुचवले होते की बाजारात बुडाला जड असे बुटके पेले मिळतात, ती दोन घेऊन येईल. तात्यांनी तिला समजावले की तिची तळमळ त्यांना कळते, पण ती पडली मुलांची आई, म्हणजे या प्रकरणात एका बाजूची. समितीत तिला घेणे न्यायाचे होणार नाही. उमा स्वयंपाकघरात गेली. आधी तिला हसू आले. मग कढईतली भाजी परतताना राग आला, आणि भाजी जरा जास्तच परतली गेली.

समिती ओसरीवर सतरंजी टाकून बसे. चहा अर्थातच उमाने द्यायचा. सुभेदार बशीत चहा ओतून त्यावर फुंकर घालीत, आणि फुंकर त्यांच्या छातीच्या मानाने मोठी असे. तात्यांना मुद्दा सुचला की ते बशीसकट हात वर करीत. चिटणीसांचे लक्ष अध्यक्षांकडे, त्यामुळे त्यांचा कप आपोआप तिरपा होई. बैठक उठली की उमा सतरंजी उन्हात टाकायची. मुलांनी मिळून जेवढे दूध सांडले नसेल तेवढा चहा तिने त्या उन्हाळ्यात धुऊन काढला. पण समितीपुढे विषय दुधाचा होता.

पहिली चाचणी सुभेदारांच्या मगाची झाली. इनॅमलचा, पांढरा, निळ्या काठाचा, चांगला शेरभर दूध मावेल एवढा.

"आवं तात्या, ह्यो मग मिसरच्या वाळूत माझ्यासंगं हिंडलाय," सुभेदार म्हणाले. "टरकात बसून च्या प्यालोय ह्यातनं. थेंब सांडला न्हाई."

मधुने मग दोन्ही हातांनी उचलला. त्याचे सगळे तोंड त्यात गेले आणि दूध दोन्ही गालांवरून पोटावर उतरले. समितीने विचार करून असे ठरवले की मगात दोष नाही, तोंड लहान पडते.

दुसरी चाचणी चांदीच्या झारीची. विनीच्या बारशाला आलेली, बारीक तोटीची, दिसायला फार गोड. पण तात्यांच्या घरी मुलांना दूध द्यायचे ते सायीसकट, असा तात्यांचाच दंडक होता. सायीत सगळे बळ असते आणि गाळलेले दूध आजाऱ्याने प्यावे, असे ते सांगत. साय तोटीत जाऊन बसली. मधुने ओढून पाहिले, काही येईना. मग त्याने उलटी फुंकर मारली, आणि झाकण उडून सायीचा गोळा चिटणीसांच्या चष्म्यावर बसला. त्यानंतर दोन दिवस उमा केरसुणीची काडी घेऊन ती तोटी कोरत होती, तरी वास जाईना.

तिसरी कल्पना तात्यांची. पेला हलतो म्हणून सांडतो. तो हललाच नाही तर? त्यांनी सुताराकडून एका पाटाला भोक पाडून घेतले आणि पेला त्यात घट्ट बसवला. ही युक्ती खरोखर चालली. मधु हात मागे बांधून वासरासारखा वाकला आणि त्याने दुधाला तोंड लावले. एक घोट घेऊन त्याने तोंड वाकडे केले, पण सांडले काही नाही. तात्या उठून उभे राहिले. सुभेदारांनी मिशीवर हात फिरवला. तेवढ्यात विनी दुडुदुडु आली, पाट दिसला म्हणून रोजच्यासारखी त्यावर बसली, आणि उरलेल्या दुधात बसल्याबद्दल भोकाड पसरून रडू लागली.

एवढे झाल्यावर दुसरा कोणी असता तर त्याने बुटके पेले आणले असते. तात्यांनी स्वतःच नवा पेला घडवायचे ठरवले. शरच्चंद्राने पट्टी आणि कंपास घेऊन आराखडा काढला. पेल्याला दोन कान, वर फिरकीचे झाकण, झाकणात चोखायला बोंड, आणि आत एक वाकडी नळी, अशी की पेला आडवा पडला तरी दूध बाहेर येऊ नये. वैशाखात उमाच्या माहेरी, सांगलीला, तिच्या भावाच्या मुलाचे बारसे होते. सगळे जाणारच होते. तिथल्या एका नामांकित तांबटाकडून पेला करून घ्यायचा आणि बारशाला जमलेल्या मंडळींसमोर त्याची परीक्षा करायची, असे ठरले. सुभेदारांनाही गुळाचा भाव बघायला सांगलीला जायचेच होते.

मिरजेला गाडी बदलून मंडळी सांगलीत उतरली. तांबट तात्यांच्याच तोडीचा निघाला. आराखडा त्याने नीट पाहिला, सगळे तसेच होईल म्हणाला, आणि आपल्याकडून शोभेसाठी झाकणावर एक पितळी मोर बसवला. पेला चकचकीत होऊन आला तेव्हा तो देवघरात ठेवावा की मुलाच्या हातात द्यावा, असा कोणालाही प्रश्न पडला असता.

बारशाची जेवणे झाली. पानसुपारीला मंडळी बसली होती. तात्यांनी पेला मध्यभागी ठेवला आणि थोडक्यात बोलतो असे सांगून पुष्कळ वेळ बोलले. मग त्यांनी पेल्यात दूध भरून झाकण फिरवले आणि पेला आडवा केला. थेंबही आला नाही. उलटा केला. तरीही नाही. जमलेल्या मंडळींत कौतुकाची कुजबुज झाली, आणि दाराआडून पाहणाऱ्या उमालाही क्षणभर वाटले की म्हाताऱ्याने खरेच करून दाखवले.

विनीच्या हातात पेला दिला. तिने मोराचे चुंबन घेतले, त्याची चोच ओढून पाहिली, आणि पेला खाली ठेवून दिला. मधुला बोलावले. त्याने बोंड तोंडात धरून ओढले, गाल आत गेले, डोळे मोठे झाले, पण दूध येईना. तो म्हणाला, येत नाही. तात्या म्हणाले, जोर कर. त्याने जोर केला. येत नाही.

तेव्हा तात्यांनी कोटाच्या बाह्या सावरल्या आणि पेला स्वतःच्या तोंडाला लावला. माजी मामलेदार एवढ्या लोकांत पितळी मोर नाकाशी धरून बोंड चोखत आहेत, हे दृश्य पाहून उमाच्या थोरल्या वहिनीने, शकुंतलेने, पदराचा बोळा तोंडात कोंबला. तात्यांनी पहिला दम घेतला; काही नाही. दुसरा घेतला. तिसऱ्याला त्यांनी मान मागे टाकून पेला वर उचलला आणि सगळे बळ लावले. आत काहीतरी फटकन सुटले. झाकण निखळले, आणि सगळे दूध एकदम तात्यांच्या नाकातोंडात, मिशीत आणि कोटावर आले.

कोणी हसले नाही. व्याही होते ते, मुलाकडचे. सगळे एकदम छताकडे पाहू लागले. शरच्चंद्र पंचा शोधायला धावला. तात्या डोळे मिटून तसेच बसले होते, आणि उमाला अचानक त्यांची दया आली.

या गडबडीत शकुंतलेने मधुला ताक दिले होते, वर्दळीच्या घरात देतात तसे, कल्हईचे फुलपात्र काठोकाठ भरून. मधु ते घेऊन बैठकीत आला. एवढ्या माणसांच्या मांड्यांमधून, चपळ पावलांनी, फुलपात्रावर नजर ठेवून तो आजोबांपर्यंत गेला, त्यांच्या पुढ्यात उभा राहिला आणि सगळे ताक पिऊन त्याने ओठावरच्या ताकाच्या मिशा पुसल्या. जाजमावर एक थेंब नव्हता.

तात्यांनी एक डोळा उघडला.

उमा दाराआडून बाहेर आली. पुरुषांच्या बैठकीत ती अशी कधी आली नव्हती. ती मधुजवळ खाली बसली आणि तिने विचारले, "मधु, ताक सांडत नाही, मग दूधच कसं रे सांडतं?"

मधुला प्रश्नच चमत्कारिक वाटला असावा. "दुधात साय असते," तो म्हणाला. "ती ओठाला चिकटते. मग मी पेला वाकडा करतो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू फडकं आणायला जातेस," मधु म्हणाला.

उमाला पाठीतले सगळे धपाटे एकदम आठवले, आणि तिचे तोंड उतरले. इतके दिवस ती समितीला हसत होती. पण मुलाला विचारायचे तिलाही सुचले नव्हते. तिने मधुच्या पाठीवरून हात फिरवला, उभी राहिली, पदर नीट केला आणि म्हणाली, "मामंजी, उद्यापासून मधुचं दूध मी गाळून देणार आहे."

सासऱ्यांची परवानगी न मागता तिने सांगितलेली ही पहिली गोष्ट. शरच्चंद्र पंचा हातात धरून तसाच उभा राहिला. तात्यांनी घसा साफ केला. सायीतल्या बळाविषयी ते काही बोलणार, असे दिसत होते. पण त्यांच्या उजव्या मिशीवर त्याच सायीचा तुकडा लोंबत होता, आणि तो त्यांना स्वतःला जाणवत असावा.

सुभेदार आपल्या जागेवरून म्हणाले, "आवं तात्या, खरं सांगू का? मलाबी साय चालत न्हाई. ल्हानपनापास्नं. मळमळतं."

"मग आजवर बोलला का नाहीत?" तात्यांनी विचारले.

"इचारलं कवा कुनी?" सुभेदार म्हणाले.

यावर मात्र बैठक हसली, आणि आता हसायला हरकत नाही असे दिसल्यावर पोट धरून हसली. तात्याही शेवटी हसले, पण उशिरा आणि थोडे.

दुसऱ्या दिवशी उमा शकुंतलेबरोबर सांगलीच्या बाजारात गेली. भांडेवाल्याकडून तिने पाचसहा पेले मागून घेतले, एकेक फळीवर ठेवला आणि काठाला बोटाने ढकलून पाहिला. उंच होते ते लगेच आडवे झाले. एक बुटका, रुंद बुडाचा आणि जाड काठाचा पेला नुसता डुलला आणि पुन्हा सरळ बसला. विनीच्या दोन्ही तळव्यांत मावेल एवढाच तो होता. तिने तो घेतला. वहिनीशी बोलता बोलता तिला आणखी एक गोष्ट लक्षात आली होती: पेला भरायचा कशाला? दोन बोटे दूध घालावे, संपले की पुन्हा दोन बोटे. उठाबशा वाढतात, पण वाकणे कमी होते.

साताऱ्याला परतल्यावर मधु गाळलेले दूध निमूटपणे पिऊ लागला. विनीच्या हातून अजून सांडे. कावळे ओरडायचे थांबले नव्हते. पण सांडे ते ओंजळभरही नसे, आणि महिनाभरात तेही कमी होत गेले. तात्यांनी समिती बरखास्त केली नाही. आल्यागेल्याला ते सांगत, की पुष्कळ भांड्यांची कसून तपासणी केल्यावर समितीला असे आढळून आले की मूळ दोष सायीत होता. मोराचा पेला त्यांनी कपाटात काचेआड ठेवला. पाहुणे तो हातात घेऊन पाहू लागले की तात्या तो हळूच काढून घेत, आणि आत पाणी घालून पाहू या का असे कोणी म्हटले तर विषय दिल्लीकडे वळवीत.

उमा ते आतून ऐके. तिला श्रेय नको होते. निदान असे ती स्वतःला सांगे, आणि सांगताना भाजी पुन्हा जरा जास्तच परतली जाई.

श्रावणातल्या एका सकाळी मधुचे पिऊन झाले, विनीचे पिऊन झाले. उमा सवयीने फडके घेऊन आली आणि पाटाभोवती पाहू लागली. जमीन कोरडी होती. काय करावे ते तिला क्षणभर समजेना. मग तिने फडके खुंटीला अडकवले, चुलीपाशी बसली, आणि लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच स्वतःचा चहा गरम असताना प्यायली.